आधी बाण, मग आकडे : बलाची गणितं सोडवायची कशी

अकरावीची मुलं माझ्याकडे शंका घेऊन येतात तेव्हा त्यांच्या वहीत पहिल्याच ओळीला सूत्र असतं. गणितात ‘३० किलो’ दिसलं की वस्तुमान, ‘दोरी’ दिसली की ताण, ‘खडबडीत’ दिसलं की घर्षण. मग आकडे भरायचे आणि पुस्तकाच्या मागे उत्तर जुळतंय का ते बघायचं. नाही जुळलं तर साइनच्या जागी कोसाइन घालून पुन्हा बघायचं. सूत्रं सगळी पाठ असतात. कोण कोणाला ढकलतंय, एवढंच ठरलेलं नसतं.

म्हणून माझ्याकडे पहिले दोन दिवस सूत्र लिहायला बंदी असते. फक्त चित्र काढायचं. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा.

पायरी १ : एकच वस्तू धरा आणि तिला कोण कोण शिवतंय ते विचारा

गणितात ट्रंक, माणूस, दोरी, फरशी असं बरंच काही असतं. त्यातली एकच वस्तू निवडा, कागदावर तिचा साधा चौकोन काढा आणि बाकीचं सगळं पुसून टाका. आता त्या चौकोनाला कोण कोण शिवत होतं? फरशी, हात, दोरी, पाणी, जे असेल ते. शिवणाऱ्या प्रत्येकाचा एक बाण. न शिवता ओढणारी सध्या एकटी पृथ्वी. तिचा बाण सरळ खाली. चुंबक आणि विद्युतप्रभार आले की त्यांचेही बाण येतील, पण सुरुवातीला तो व्याप नको.

प्रत्येक बाणाला एकच प्रश्न विचारा : हे बल कोण देतंय? उत्तरात एखादी वस्तू सांगता आली नाही तर तो बाण खोडा.

या प्रश्नावर सगळ्यात जास्त विकेट पडते ती वर फेकलेल्या चेंडूची. चेंडू हातातून सुटलाय आणि वर चाललाय. दहातली आठ मुलं वरच्या दिशेने एक बाण काढतात. कोण देतंय हे बल? ‘हात.’ हात तर खाली राहिला. ‘मग... वेग?’ वेग ही वस्तू नाही, तो कुणाला ढकलू शकत नाही. हवेचा विरोध सोडला तर चेंडूवर बाण एकच, आणि तो खाली. वर जाताना खाली, टोकाला क्षणभर थांबतो तेव्हाही खाली, परत येताना तर खालीच.

पायरी २ : दिशा ठरवा, बेरीज-वजाबाकी करा

न्यूटनचा ग्रंथ १६८७ साली आला. त्यातला दुसरा नियम आपल्या कामापुरता असा :

निव्वळ बल = वस्तुमान × त्वरण (त्वरण म्हणजे दर सेकंदाला वेग किती बदलतो ते)

यातला ‘निव्वळ’ हा शब्द खाऊ नका. सगळ्या बाणांची दिशेसकट बेरीज करून जे उरतं ते निव्वळ बल. एक दिशा अधिक, उलटी दिशा उणे, आणि आडव्या-उभ्या बाणांचा हिशेब वेगवेगळा. वस्तू स्थिरच राहत असेल (चेंडूसारखी क्षणभर थांबलेली नव्हे) किंवा एकाच वेगाने सरळ जात असेल तर निव्वळ बल शून्य. एका वेगाने जाणाऱ्या गाडीवर निव्वळ बल शून्य असतं हे पटायला वेळ लागतो. लागू दे.

१ किलो वस्तुमानाला १ मीटर/सेकंद² त्वरण देणारं बल म्हणजे १ न्यूटन. अंदाज हवा तर शंभर ग्रॅमचा एक टोमॅटो तळहातावर ठेवा. हाताला जाणवतो तो भार जवळजवळ १ न्यूटन.

एक उदाहरण करून टाकू. मोटरसायकल आणि स्वार मिळून १८० किलो, वेग ताशी ५४ किलोमीटर, ब्रेक दाबल्यावर ३ सेकंदांत गाडी थांबते. आधी ५४ ला ३.६ ने भागा : १५ मीटर/सेकंद. हे न करता थेट ५४ वापरणं ही परीक्षेतली सर्वांत स्वस्त चूक. त्वरण = १५ ÷ ३ = ५ मीटर/सेकंद², वेगाच्या उलट दिशेने. बल = १८० × ५ = ९०० न्यूटन. आता पायरी १ चा प्रश्न : हे ९०० न्यूटन कोण देतंय? ब्रेक नाही, ब्रेक गाडीचाच भाग आहे. गाडीला बाहेरून शिवतोय तो रस्ता. थांबवतो तो रस्ता, टायरवरच्या घर्षणाने. पहिल्या पावसात तेलकट झालेल्या रस्त्यावर ब्रेक उत्तम असूनही गाडी का घसरते, ते इथे कळतं.

वजन

वजन = वस्तुमान × ९.८. हा ९.८ म्हणजे गुरुत्व त्वरण. विषुववृत्तावर सुमारे ९.७८, ध्रुवांवर ९.८३. गणितात १० घ्या म्हटलं असेल तर १० घ्या, वाद घालू नका.

घरच्या गॅसच्या टाकीत १४.२ किलो गॅस असतो आणि रिकाम्या टाकीचं वजन तिच्या वरच्या कड्यापाशी लिहिलेलं असतं. समजा ते १५.८ आहे. म्हणजे भरलेली टाकी ३० किलो. हे वस्तुमान. पृथ्वी तिला ३० × ९.८ = २९४ न्यूटनने खाली ओढते. हे वजन. चंद्रावर गुरुत्व त्वरण १.६२, तर तीच टाकी ४८.६ न्यूटन, एका हाताने उचलाल. शेगडी तिथे पेटणार नाही ही गोष्ट वेगळी, पण आतला गॅस मात्र १४.२ किलोच राहील.

बाजारात आपण ‘वजन पाच किलो’ म्हणतो आणि म्हणत राहणार. त्यात काही बिघडत नाही. वहीत मात्र किलो हे वस्तुमान आणि न्यूटन हे वजन. वाण्याची दोन पारड्यांची तागडी वस्तुमानांची तुलना करते, ती चंद्रावरही तेच माप दाखवेल. रद्दीवाल्याचा ताणकाटा वजन मोजतो, तो तिथे एक षष्ठांशच दाखवेल.

जमिनीचा रेटा आणि घर्षण

इथे जरा थांबू, कारण निम्मी गणितं इथेच बुडतात.

फरशीवर ३० किलोची लोखंडी ट्रंक आहे. पृथ्वी तिला २९४ न्यूटनने खाली ओढते, तरी ती खाली जात नाही, कारण फरशी तिला वर रेटते. पुस्तकात याला अभिलंब बल म्हणतात. पृष्ठभागाशी काटकोनात असतं म्हणून अभिलंब. सपाट फरशी आणि दुसरा कुठलाही उभा बाण नाही, अशा वेळी हा रेटा २९४ न्यूटन. पण तो नेहमीच वजनाइतका असतो असं समजू नका. त्याचं स्वतःचं सूत्रच नाही. बाकीचे बाण बघून तो काढावा लागतो. आणि हो, वजन व हा रेटा ही क्रिया-प्रतिक्रियेची जोडी नव्हे. तशी जोडी कायम दोन वेगळ्या वस्तूंवर असते : पृथ्वी ट्रंकेला ओढते, ट्रंक पृथ्वीला ओढते. इथले दोन्ही बाण एकाच ट्रंकेवर आहेत.

आता घर्षण. वस्तू हलायच्या आधीचं ते स्थितिक घर्षण, सरकत असतानाचं ते गतिक. फरशीच्या रेट्याला ज्या आकड्याने गुणून घर्षण काढतात तो घर्षण गुणांक. ट्रंक आणि फरशी यांच्यातला स्थितिक घर्षण गुणांक ०.४ आणि गतिक ०.३ धरू.

स्थितिक घर्षण, जास्तीत जास्त = ०.४ × २९४ = ११७.६ न्यूटन
गतिक घर्षण = ०.३ × २९४ = ८८.२ न्यूटन

प्रश्न : मी ट्रंकेला आडवं ५० न्यूटनने ढकललं, ती हलली नाही. घर्षण किती? वर्गात उत्तर येतं ११७.६. चूक. ट्रंक हललेली नाही, म्हणजे निव्वळ बल शून्य, म्हणजे घर्षण बरोबर ५०. तुम्ही ८० लावलेत तर घर्षण ८०. ११७.६ ही त्याची कमाल मर्यादा आहे, रोजचा दर नव्हे. खरोखरच ११७.६ चं घर्षण लागू असतं तर ५० ने ढकललेली ट्रंक उलटी तुमच्याच अंगावर आली असती.

आता १२० न्यूटनने आडवं ढकला. मर्यादा ओलांडली, ट्रंक सुटली. सुटल्यावर गतिक घर्षण लागू : निव्वळ बल = १२० − ८८.२ = ३१.८ न्यूटन, त्वरण = ३१.८ ÷ ३० = १.०६ मीटर/सेकंद². जड कपाट अडून बसतं आणि एकदा हललं की भसकन पुढे सरकतं, ते या दोन गुणांकांच्या फरकामुळे.

आता खरी मजा. तेच १२० न्यूटन, पण तिरके, आडव्या रेषेशी ३०° चा कोन करून. तिरक्या बाणाचे दोन तुकडे करा :

आडवा भाग = १२० × कोसाइन ३०° = १०३.९ न्यूटन
उभा भाग = १२० × साइन ३०° = ६० न्यूटन

आधी ट्रंकेच्या कडीला दोरी बांधून वरच्या बाजूला ओढा. उभे ६० न्यूटन वर उचलतात, त्यामुळे फरशीचा रेटा २९४ − ६० = २३४. स्थितिक घर्षणाची मर्यादा ०.४ × २३४ = ९३.६. आपलं आडवं बल १०३.९, ट्रंक हलली.

मग तीच ट्रंक मागून वाकून, हात खाली तिरके ठेवून ढकला. आता उभे ६० न्यूटन ट्रंकेला फरशीवर दाबतात. रेटा २९४ + ६० = ३५४, मर्यादा १४१.६. आपल्याकडे आडवे फक्त १०३.९. ट्रंक जागची हलत नाही.

जोर तोच, ट्रंक तीच, फरशी तीच. ओढली तर निघते, ढकलली तर नाही. घर बदलताना हमालांचं काम कधी निरखलंत तर जड पेटीच्या कडीत दोर अडकवून ती ओढताना दिसतील. ‘अभिलंब बल म्हणजे वजन’ असं घोकलेल्याला हे गणित कधीच सुटत नाही, कारण त्याच्या वहीत रेटा २९४ वरून हलतच नाही.

उतार

तीच ट्रंक टेम्पोत चढवायला फळी लावली, फळीचा कोन ३०°. उतारावर आडवं-उभं न धरता फळीच्या दिशेने आणि फळीला काटकोनात असे दोन अक्ष धरा. कागद थोडा फिरवलात की झालं.

फळीवरून खाली ओढणारा वजनाचा भाग = २९४ × साइन ३०° = १४७ न्यूटन
फळीला दाबणारा भाग = २९४ × कोसाइन ३०° = २५४.६ न्यूटन

साइन कुठे आणि कोसाइन कुठे हे पाठ करू नका. फळी मनातल्या मनात आडवी करा, कोन शून्य. सपाट फळीवर खाली ओढणारा भाग शून्य व्हायला हवा, आणि साइन शून्य = शून्य. म्हणून साइन उताराच्या दिशेला.

घर्षणाचे गुणांक तेच धरले तर सारख्या वेगाने वर ओढायला १४७ + ०.३ × २५४.६ = २२३.४ न्यूटन लागतात. उचलायला २९४ लागले असते. मध्येच सोडली तर? स्थितिक घर्षणाची मर्यादा १०१.८, खाली ओढणारे १४७. ट्रंक घसरत खाली येणार. खाली कोणी उभं राहू नका.

ताण, आणि आडावरचा पोहरा

आजोळी आडावर रहाट होता. पोहरा पाण्यात बुडला की दोर अगदी हलका लागायचा, बोटाने ओढता येईल इतका. पोहऱ्याचा काठ पाण्याबाहेर येऊ लागला की दोर एकदम तळहातात रुतायचा. मला तेव्हा वाटायचं की पाणी पोहऱ्याला धरून ठेवतं. उलटं आहे. बाहेर आल्यावर पाण्याने आधार द्यायचा थांबवला म्हणून तो जड झाला.

हिशेब करू. लोखंडी पोहरा १ किलो, त्यात १० लिटर म्हणजे १० किलो पाणी.

बाहेर, स्थिर लटकताना : दोराचा ताण वर, वजन खाली, निव्वळ शून्य. ताण = ११ × ९.८ = १०७.८ न्यूटन.

पूर्ण पाण्याखाली : आतलं पाणी भोवतीच्या पाण्यातच आहे, त्याचा भार भोवतीचं पाणी पेलतं. दोराला उरलं फक्त लोखंड, आणि त्यालाही पाण्याचा वर ढकलणारा जोर मिळतो. आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार हे प्लावक बल म्हणजे बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. लोखंडाची घनता घनसेंटिमीटरला सुमारे ७.८ ग्रॅम, म्हणून १ किलो लोखंडाचं आकारमान सुमारे १२८ घनसेंटिमीटर. तेवढं पाणी ०.१२८ किलो, त्याचं वजन १.२५ न्यूटन. ताण = ९.८ − १.२५, म्हणजे साधारण ८.५ न्यूटन.

आत ८.५, बाहेर १०७.८. तळहाताला बरोबर समजत होतं.

आता पोहरा वर येताना. झटका देऊन १.२ मीटर/सेकंद² त्वरणाने वर ओढला तर निव्वळ बल वरच्या दिशेने हवं :

ताण − १०७.८ = ११ × १.२, म्हणून ताण = १२१ न्यूटन

एकदा वेग बसला आणि तो सारखा राहिला की ताण परत १०७.८. वर येतोय म्हणून ताण जास्त, असं नाही. वेग वाढतोय तेवढ्यापुरताच जास्त. खाली सोडताना वेग वाढू दिला तर ताण १०७.८ पेक्षा कमी, आणि दोर हातातून सुटलाच तर (रहाट मोकळा फिरतो असं धरून) शून्य. लिफ्टची सगळी गणितं हीच आहेत. पोहऱ्याच्या जागी माणूस आणि दोराच्या जागी पायाखालचा वजनकाटा.

रहाटाने बल कमी होतं का? नाही. एकाच जागी बसवलेलं चाक फक्त दिशा बदलतं. वर ओढण्याऐवजी खाली ओढायचं, म्हणजे स्वतःच्या अंगाचा भार कामी येतो. कुरकुरणाऱ्या रहाटाला तर वरून थोडं जास्तच बल द्यावं लागतं.

स्प्रिंग

फार बोलण्यासारखं नाही. हूकने १६७८ मध्ये मांडलेला नियम : बल = स्प्रिंग स्थिरांक × लांबीतला बदल. ताणकाट्याला अर्धा किलो लावल्यावर स्प्रिंग २ सेंटिमीटर ताणली गेली तर स्थिरांक = ४.९ ÷ ०.०२ = २४५ न्यूटन/मीटर. रद्दीचा गठ्ठा लावल्यावर ती ५ सेंटिमीटर ताणली गेली, तर बल २४५ × ०.०५ = १२.२५ न्यूटन, म्हणजे सव्वा किलो. चुका दोनच होतात : सेंटिमीटरचे मीटर न करणं, आणि लांबीतला बदल न घेता स्प्रिंगची अख्खी लांबी घेणं.

गोल फिरणारी वस्तू

शेताच्या राखणीला माचावर उभं राहून गोफण फिरवतात. गोफणीत १०० ग्रॅमचा दगड, हातापासून दगडापर्यंत ०.८ मीटर, सेकंदाला २ फेरे. एका फेऱ्याचा परीघ २ × ३.१४ × ०.८, म्हणजे सुमारे ५ मीटर. वेग सुमारे १० मीटर/सेकंद.

अभिकेंद्री बल = वस्तुमान × वेगाचा वर्ग ÷ त्रिज्या = ०.१ × १०० ÷ ०.८ = १२.५ न्यूटन

दगडाचं वजन जेमतेम १ न्यूटन, आणि दोरीला ओढावं लागतं त्याच्या बारा-तेरापट. फेरे दुप्पट केलेत तर चौपट, कारण वेगाचा वर्ग आहे.

चित्रात मात्र ‘अभिकेंद्री बल’ असा वेगळा बाण काढू नका. कोण देतंय? दोरी. मग बाण दोरीच्या ताणाचा. केंद्राकडे खेचायचं काम तोच करतो. वळणावरच्या गाडीसाठी ते काम रस्त्याचं घर्षण करतं, चंद्रासाठी पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण. अभिकेंद्री हे कामाचं नाव आहे, काम करणाऱ्याचं नव्हे.

दोन वस्तूंमधलं गुरुत्वाकर्षण

बल = ६.६७ × १०⁻¹¹ × दोन्ही वस्तुमानांचा गुणाकार ÷ अंतराचा वर्ग. मीटरभर अंतरावर बसलेल्या ६० आणि ७० किलोच्या दोन माणसांसाठी हे २.८ × १०⁻⁷ न्यूटन येतं. कुणाच्या लक्षात येण्याजोगं नाही. इतकं क्षीण आकर्षण कॅव्हेंडिशने १७९८ साली प्रयोगशाळेत शिशाचे गोळे घेऊन मोजलं. याच सूत्रात पृथ्वीचं वस्तुमान ५.९७ × १०²⁴ किलो आणि त्रिज्या ६.३७ × १०⁶ मीटर घालून १ किलोवरचं बल काढा. ९.८ येतं. एकदा स्वतः करून बघाच. ज्याला आपण आकडा म्हणून पाठ करतो तो कुठून आला ते दिसतं.

सरावाला एक

आडावरचा दोर जुना झालाय, १५० न्यूटनपेक्षा जास्त ताण सोसत नाही. ११ किलोचा भरलेला पोहरा जास्तीत जास्त किती त्वरणाने वर ओढता येईल? चौकोन काढा, बाण काढा, मगच लिहा. उत्तर ३.८ मीटर/सेकंद² च्या आसपास यायला हवं. १३.६ आलं असेल तर वजनाचा बाण काढायचा राहिलाय.